बिलकीस दारात आली तेव्हा

हे मी आजवर पुरं कुणालाच सांगितलेलं नाही. नातीला सांगितलं — पण तिथंही खोटं मिसळलं. तुमच्यापुढं मिसळत नाही.

माझं बरं चाललंय, हे आधी सांगते. गुडघे सोडले तर तक्रार नाही. लेक-सून नीट बघतात. चौथी शिकले, पण पेपर रोज वाचते. नात हैदराबादला विद्यापीठात आहे. काय शिकते? तर आफ्रिकेतून जगभर पांगलेली माणसं — कुठं गेली, काय गातात, कुणाशी काय नातं मानतात. निजामाच्या फौजेत आलेले सिद्दी त्यातलेच. एवढ्या लांबचं कशाला शिकायचं, म्हणून मी हसले होते. मग एकदा तिनं विचारलं, “आज्जी, तू पूर्णेला राहिलीस ना? तिथं सिद्दी कुणी होतं का गं?”

“न्हाई बाई, कुणी नव्हतं.”

होतं. शेजारच्याच क्वार्टरात. बिलकीस. माझे मालक रेल्वेत, तिचा नवराही तिथंच, इंजिनाच्या शेडमधे. माझा लेक जन्मला आणि मी तापानं अंथरूण धरलं, दूध आटलं. सासू गावी, वालूरला. बिलकीसची पोरगी तेव्हा अंगावर पीत होती. तिनं काही न विचारता माझं लेकरू उचललं, पदराखाली घेतलं. मी उठेपर्यंत ते तिच्याच दुधावर जगलं. घमेलं पालथं घालून बोटांनी वाजवायची आणि दोघांना झोपवायची. त्यांच्यात दूध पाजलं की नातं लागतं — ते लेकरू आपलंच, आपल्या पोरीशी त्याचं लग्नसुद्धा होत नाही. आमचं घर लिंगायताचं, बाळाच्या गळ्यात लिंग बांधलेलं. तिथं हे कळलं असतं तर? म्हणून गप्प राहायचं ठरलं. तिनं ते पाळलं, माझ्यासाठी.

पुढं तिच्या नवऱ्याची बदली झाली. जायच्या दिवशी ती दारात आली. “अगे, मेरे बच्चे को एक नजर दिखा दे. हमे जारैं.”

मी म्हणाले, “कुणाचा बच्चा? लेकरू झोपलंय. जा तू.”

आणि आतून तो खिदळला — तिचा आवाज ओळखून. तिनं ऐकलं. मी दार लावून घेतलं.

हे नातीला मी नंतर सांगितलं. ती पूर्णेत दारोदार विचारत हिंडायला लागली, तेव्हा राहवलं नाही. फक्त एक पदरचं घातलं — सासू चुलीपाशी बसली होती, तिच्या धाकानं मी तसं बोलले. नात गळ्यात पडली. “किती सोसलंस गं आज्जी!” तिनं तसंच लिहिलं. तिच्या मास्तरणीला लय आवडलं म्हणे. लेकानंही वाचलं.

सासू त्या दिवशी वालूरलाच होती. घरात कुणी नव्हतं. मी लेकरू घटकाभर तिच्याकडं दिलं असतं तर कुणाला कळलं असतं? कुणाला नाही. मग का नाही दिलं? — तो तिला बघून झेप घ्यायचा. माझ्याकडं कधी घेतली नाही. मला ते खपत नव्हतं. धाकबिक काही नाही. कडी घातल्यावर दाराच्या फटीतून तिचे पाय दिसत होते. बराच वेळ दिसत होते. आत पोरगं दाराकडं हात करून रडायला लागलं. मी रडू दिलं.

सासू कधीच वारली. बिलकीस म्हणून कुणी होती, हेही तिला ठाऊक नव्हतं.

परवा सण झाला. लेकानं सगळ्या फोटोंना हार घातले, त्याच्या आजीच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, फोटोला घातला नाही. मी समोरच बसले होते. पुरणपोळी खाल्ली, वर तूप मागून घेतलं. दुपारी झोपही चांगली लागली.