वटवाघळांची तिकिटं आणि कळमेश्वरकडची गुहा

आमच्या टपालतिकीट मंडळाचा अल्बम अजून अर्धा रिकामा आहे. किस्से ठेवायला मात्र जागा उरलेली नाही! चहाला बसलं की एकाने सुरुवात करायची आणि दुसऱ्याने "अरे, ते नाही, ते दुसरं सांग!" म्हणून मध्येच तोडायचं.

मंडळ म्हणजे माणसं तीन. नुकताच बी.एस्सी. झालेला मी, माझा कॉलेजचा दोस्त वसंता, आणि रेल्वेच्या टपालडब्यात पत्रांची वर्गवारी करणारे मेश्रामकाका. आमचा विषय एकच: गुहा आणि वटवाघळं. बाकीची तिकिटं फुकट दिली तरी नको!

* * *

मी पोस्टाच्या खिडकीवर दर पंधरवड्याला हजर. एकदा कारकून वैतागला. "फुलं आहेत, धरण आहे, पुढारी आहेत. तुले वाघूळच काहून पाहिजे?"

काहून? हा प्रश्न मला विचारायचा असतो का! डास कोण खातं, पिकावरचे किडे कोण खातं, गुहा मोडल्या तर ही बिचारी राहणार कुठे... मी सुरूच झालो. मागे रांग दारापर्यंत गेली.

शेवटी रांगेतले एक आजोबा ओरडले, "अहो बाबू, देऊन टाका त्याले एक वाघूळ! मले मनीऑर्डर करायची हाय!"

* * *

मेश्रामकाकांच्या हातातून रोज देशोदेशीची तिकिटं जातात. पण दुसऱ्याच्या पाकिटावरच्या तिकिटाला नखसुद्धा लावायचं नाही, हा त्यांचा नियम. एक दिवस ड्यूटीवरून थेट माझ्या घरी आले, डोळे चमकत होते.

"आज वाघूळ पाहिलं! निळं आभाळ, पंख असे पसरलेले, मागे गुहेचं तोंड!"

गुहा आणि वटवाघूळ एकाच तिकिटावर! माझ्याकडेच बसलेला वसंता उडालाच. "कुठं आहे, काका?"

"आता? गाडीत, दुर्ग टेशनाच्या पुढं गेलं असंन."

त्या दिवशी वसंता जेवला नाही.

* * *

प्रताप नगरात वसंतासाठी मुलगी पाहायला गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलाला काही नाद?"

"छे छे! सुपारीसुद्धा खात नाही," वसंताचे वडील म्हणाले.

पण आमचा वसंता सत्यवादी! "मला वटवाघळांचा नाद आहे," म्हणाला.

मुलीच्या वडिलांचा चमचा पोह्यातच राहिला. तेवढ्यात मुलीनेच विचारलं, "जिवंत की मेलेली?"

"छापलेली!"

ती इतकी हसली की लग्न तिथेच ठरलं.

* * *

आता गुहेचं. कळमेश्वरच्या पुढे एका टेकडीत लहानशी गुहा आहे. आत गावाचा देव, आणि छताला वटवाघळांचे थवेच्या थवे. चैत्रातल्या जत्रेआधी मिरचीचा धूर करून सगळी हाकलायची, चुना मारायचा, आत गॅसबत्त्या लावायच्या, असं गावाने ठरवलं. ऐकून माझं डोकंच फिरलं! अल्बमात गुहा जपायच्या आणि दाराशी असलेली मरू द्यायची?

अल्बम घेऊन बस पकडली. सरपंच नामदेवरावांनी चहा पाजला, एकेक पान नीट पाहिलं.

"बघा नामदेवराव, बाहेरचे देश वटवाघळांना तिकिटावर बसवतात!"

"आन् आपलं सरकार कोणाले बसवते?"

"थोर माणसांना."

"जितेपणी?"

"नाही, बहुतेक मेल्यावरच."

"मंग आमी तेच तं करून राहिलो ना गा! आधी मरू तं द्या त्यायले!"

* * *

मी काय ऐकतो! पुढच्या रविवारी देवळाच्या ओट्यावर भाषण ठोकलं. शेतीचं सांगितलं, किड्यांचं सांगितलं. लोक विड्या ओढत बसलेले. मग मी ठेवणीतला मुद्दा काढला. "अहो, चीनमध्ये तर वटवाघूळ म्हणजे साक्षात भाग्य समजतात!"

चीनशी लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मागून एक निवृत्त फौजी ताडकन उभे राहिले. "चीन म्हणते?"

नामदेवराव शांतपणे म्हणाले, "धूर दोनदा करा."



* * *

धुराच्या दिवशी आम्ही सकाळीच टेकडी चढलो. मी गुहेच्या तोंडाशी बसणार होतो. धूर करायचा तर माझ्यासकट करा! मेश्रामकाकांनी ओले पंचे आणले होते. वसंताने कॅमेरा आणि मोठी बॅटरी घेतली होती; शेवटचा फोटो तरी राहील म्हणून.

वर पाहतो तर मिरच्यांचं पोतं तसंच पडलेलं. नामदेवराव एका दगडावर बसलेले. गुहेच्या तोंडाशी गावातल्या बायका, आणि सगळ्यांत पुढे नामदेवरावांची बायको सुमनबाई, हातात खराटा!

बायका पहाटे आत झाडायला गेल्या होत्या. कंदील वर केला तर काय, छताला लटकलेल्या एकेकीच्या छातीला एकेक पिल्लू चिकटलेलं!

"अवं, जत्रा तोंडावर आली," नामदेवराव काकुळतीने म्हणाले. "आन् बाळंतिणीले धुरी तं देतच असते ना?"

"ते ओव्याची देते, मिरचीची नाही! तुमच्या मायनं देल्ली होती का मिरचीची, तुमच्या येळेले?" सुमनबाई कडाडल्या.

बायका खदखदून हसल्या. नामदेवराव चपलेकडे पाहत राहिले.

"मंग देवाचं कसं?"

"देव बाहेर आणा, झाडाखाली बसवा. सव्वा महिना आत कोणी पाय ठेवायचा नाही!"

वाचली! गुहा वाचली! मला काय करू नि काय नको असं झालं. मी मेश्रामकाकांना मिठी मारली, वसंताच्या हातातून कॅमेरा आणि बॅटरी हिसकावली आणि फोटो काढायला आत धावलो.

खराटा आडवा आला, थेट माझ्या छातीवर.

"बॅटरी घेऊन कुठं चालला गा तू, बाळंतिणीच्या खोलीत?"