लांब शब्दांचे गुरुजी

निजामी गेली त्याच्या पुढच्या वर्षी जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, वामनराव गुरुजींची आणि माझी ओळख झाली. कचेरीचे कागद उर्दूऐवजी इंग्रजीत येऊ लागले होते. मी उर्दू चौथी शिकलेला; प्रत्येक कागदाने छातीत धडकी भरे. गुरुजी शाळा सुटल्यावर चंपालाल शेठजींच्या सरकीच्या दुकानात आम्हा पोक्त माणसांचा वर्ग घेत. दक्षिणा म्हणून फक्त चहा घेत, तोही बिनसाखरेचा.

त्यांची रीत निराळी होती. लांब शब्द ते सुटे शिकवत नसत. ज्यांची शेवटची अक्षरे सारखी, त्यांची एक भावकी करत. ऍप्लिकेशन म्हणजे अर्ज, रजिस्ट्रेशन म्हणजे नोंदणी, नोटिफिकेशन म्हणजे जाहीर सूचना, ही एक भावकी. टॉन्सिलायटिस घशातल्या गाठींची सूज, ब्राँकायटिस श्वासनळ्यांची, आर्थ्रायटिस सांध्यांची, ही दुसरी.

शेठजी म्हणाले, “गुरुजी, ही भावकी बिलकुल बेकार. सगळेच सुजलेले.”

“तुमच्या गुडघ्याला विचारा, शेठजी,” गुरुजी म्हणाले.

पाठ केलेला अर्थ त्यांना चालत नसे. तो शब्द आपल्या घरात कुठे बसतो, हे सांगितल्याशिवाय पुढचा शब्द मिळत नसे.

काही वर्षांनी माझी धाकटी लेक गोदी तापाने फणफणली, मान ताठ झाली. तिला औरंगाबादच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर ‘मेनिंजायटिस’ एवढेच म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. शब्दाचा शेवट मला ओळखू आला. आदल्या साली गोदीला टॉन्सिलायटिस झाला होता, तो औषधाने उतरला होता. त्याच भावकीतला हा, म्हणून माझा जीव जरा भांड्यात पडला. आमच्या गावी, हसनाबादला, तिच्या आईला मी निरोप धाडला की घाई करू नको, ज्वारीची काढणी उरकून ये.

दुसऱ्या दिवशी गुरुजी सकाळच्या गाडीने भेटायला आले. आधी डॉक्टरांना भेटले, मग माझ्याकडे.

मी म्हणालो, “सूजच हे ना, गुरुजी. मंग उतरंल.”

गुरुजी माझ्याशेजारी फरशीवर बसले. “आबा, शेवट सारखा आहे, पण ही सूज मेंदूच्या आवरणाची आहे. पोर वाचेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.”

मी गोदीच्या खाटेकडे पाहिले.

“तिची आई कुठं आहे?”

“काढणीला.”

“तुम्ही पोरीजवळ थांबा. मी घेऊन येतो.”

ते त्याच पावली निघाले. शाळा बुडवून त्यांनी हसनाबाद गाठले आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत तिला घेऊन आले. वाटेत तिलाही त्यांनी खरेच सांगितले होते, त्यामुळे ती रडणे वाटेतच सोडून आली. गोदीने डोळे उघडले, “माय” म्हणाली, पाणी मागितले. आईने चमच्याने पाजले. संध्याकाळनंतर पोरीला ओळख राहिली नाही. पहाटे ती गेली.

आमचे कुटुंब आजही म्हणते, “गुरुजी आले नसते तर लेकराला मह्या हातचं पाणी भेटलं नसतं.”

आज गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. हल्ली चार पावलांवर त्यांना धाप लागते, तरी ते वर्ग चुकवत नाहीत. उशीर झाला की मी दुकानाच्या पायरीवर येऊन रस्ता पाहत राहतो. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि अवघड घडी त्यांच्याही वाट्याला आलीच, तर जवळ बसून खरे सांगणारे माणूस त्यांना मिळो.