चित्राबाहेरचा निळा

उपग्रहावरचा कॅमेरा जमिनीवरून येणारा प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो: निळा, हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. आमच्या प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला निळा आला आणि माझ्याबरोबरच लागलेल्या मैत्रिणीच्या वाट्याला अवरक्त. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं आहे.

हिरवी पानं अवरक्त प्रकाश भरभरून परत पाठवतात. शेत कुठे, झाडी कुठे, सगळं तिचा पट्टा सांगतो. निळा हवेतच विखुरतो. बैठकीत तिला शाबासकी मिळायची आणि मला विचारणा व्हायची, चित्र अजून धुरकटच का? जशी काही बंगळूरची धूळ मीच उडवत होते.

पहिलं स्वच्छ चित्र आलं तेव्हा घरच्यांनाही बोलावलं होतं. मुलगी उपग्रहाचा कॅमेरा करते, असं आमच्या सगळ्या बनशंकरी वस्तीला सांगून झालेल्या बाबांना मी मुद्दाम घेऊन गेले. भिंतीवर अख्खं शहर होतं. अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवायचा, लाल पट्टा हिरव्यात आणि हिरवा निळ्यात, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे बागा लालभडक आणि तळी काळी. तीन रंगांत तीनच पट्टे मावतात. चौथा, म्हणजे माझा, बाहेर.

बाबांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या निळसर भागावर बोट ठेवलं. "हा तुझा ना?"

तो निळासुद्धा माझा नव्हता. हो म्हणून टाकावं, असं फार वाटलं.

तेवढ्यात मैत्रीण आली. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत कन्नड मिसळणारं. वयाने लहान, मला अक्का म्हणते. तिने बाबांना शेजारच्या संगणकापाशी नेलं आणि तेच शहर आधी कसं दिसत होतं ते दाखवलं. सगळं दुधाळ.

"स्वल्प बघा काका. हवेतली ही धूळ अक्काच्या पट्ट्यावरून मोजली आणि बाकीच्यांतून वजा केली. नाहीतर माझ्या चित्राला कोण विचारतंय?"

बाबांचा चेहरा उजळला. जे मला सांगता आलं नव्हतं, ते तिने सांगितलं होतं. मी तिचे आभार मानले, अगदी दात दाखवून.

रिक्षात बाबा बराच वेळ खुशीत होते. बनशंकरी जवळ आल्यावर म्हणाले, "फार मोठ्या मनाची मुलगी आहे हं ती. शिक काहीतरी तिच्याकडून."