उषाच्या भाषणातलं एक वाक्य

सुपातली लाखोळीची डाळ अर्धीच निवडून झाली होती, तेव्हा बाबुलाल अंगणात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"गुरुजी हायेत का?"

"शाळेतून यायचे आहेत."

"मंग सांगून द्या त्याहिले. तलावाचा ठेका गेला. उषीचं भाषण वाचून दाखोलं सायबाले."

एवढं बोलून तो गेला. मी सूप बाजूला सारलं आणि देवापुढे जाऊन बसले.

गुरुजी म्हणजे माझे यजमान, जागेश्वर. सानगडीजवळच्या आमच्या गावात हायस्कुलात मराठी शिकवतात. दिवसभर वर्ग, संध्याकाळी आमच्या ओसरीवर वादविवादाची तालीम. त्यांची पद्धत ठरलेली. दोन चिठ्ठ्या टाकायच्या, जी बाजू निघेल ती मांडायची, बदलून मागायची नाही. ही सवय नागपूरची. विद्यापीठात असताना ते आणि भैय्यालाल एका खोलीत राहायचे. दोघांत एकच कोट. ज्याची बोलायची पाळी तो घालायचा, दुसरा नुसत्या सदऱ्यात खाली बसून टाळ्या वाजवायचा. भैय्यालाल आता भंडाऱ्याला वकील आहेत. दर दिवाळीला पत्र येतं.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात भंडाऱ्याच्या स्पर्धेला विषय आला, गावतलावावर पहिला हक्क शेतीचा. उषा दहावीत होती, बाबुलालची लेक. बाबुलाल ढीवरांच्या मासेमार सोसायटीचा अध्यक्ष. आणि चिठ्ठी निघाली शेतीच्या बाजूची.

"सर, मी माह्या बापाच्या इरुद्ध बोलू?"

"बोल. दुसऱ्याचं म्हणणं तरी समजंल तुले."

माझं अक्षर बरं म्हणून भाषणाची स्वच्छ प्रत मी काढून दिली. त्यात एक वाक्य होतं. 'मी मासेमाराची मुलगी आहे, म्हणून सांगते, मासे धरायला सोपं जावं यासाठी आमची माणसं उन्हाळ्यात तलावाचं दार उघडून पाणी सोडून देतात.'

माझा हात थांबला. "अहो, हे खरं आहे का?"

"आपल्या गावात नाही. होत असंल कुठं. ती का साक्ष देऊन राहिली? स्पर्धा आहे."

मी लिहून टाकलं. देवानं पाहिलंच असेल.

उषाचा पहिला नंबर आला. परीक्षकांत भैय्यालाल होते. गुरुजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाग्या, ते पाणी सोडायचं वाक्य तुहंच ना? पोरीचं नोहे."

"वळखलंस. आमच्या गावात नाही होत तसं," गुरुजी हसून म्हणाले. आठवण म्हणून भैय्यालालनी प्रत मागितली, ह्यांनी आनंदानं दिली.

पुढे महिन्याभरात शेतकऱ्यांनी मासेमारीच्या ठेक्याविरुद्ध अर्ज केला. त्यांचे वकील भैय्यालाल. साकोलीच्या कचेरीतल्या सुनावणीत त्यांनी तीच प्रत काढली. अध्यक्षाची सख्खी लेकच सांगते म्हटल्यावर साहेबांनी दुसरं काही विचारलं नाही.

बाबुलाल येऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरुजी भंडाऱ्याला भैय्यालालकडे गेले. संध्याकाळी आले ते पाय न धुताच ओसरीवर बसले.

"चहा पाजला त्यानं," म्हणाले. "अन् म्हणे, निघाली ते चिठ्ठी मांडाची, हे तर तूच सांगतोस. मले शेतकऱ्यायची निघाली."

"त्यांना ठाऊक होतं ना, ते खोटं आहे म्हणून?"

"मीच तर सांगितलं होतं त्याले."

आज दहावा दिवस. तलावावर कोणी उतरत नाही. ढीवरांची तीन माणसं चिखल्याच्या मँगनीज खाणीवर कामाला गेली. बाबुलालनं उषाचं नाव शाळेतून काढलं. ती विहिरीवर भेटते पण तोंड फिरवते. वस्तीतल्या बाया तिला वकिलीणबाई म्हणतात, आणि ती घागर अर्धी भरूनच निघून जाते. ओसरीवर तालीम नाही. गुरुजी शाळेत जातात, येतात, जेवतात, ताटात काय आहे ते पाहत नाहीत.

आज दुपारी त्यांनी स्वतः एक कागद लिहिला. 'ते वाक्य मुलीचं नाही, माझं आहे, आणि आमच्या गावापुरतं ते खोटं आहे.' हेडमास्तरांना आधी दाखवला. ते म्हणाले, "हा कागद गेला तर चौकशी तुमच्यावरच लागंल. पोरीच्या तोंडून खोटं बोलवलं म्हणून."

"नोकरी गेली तर?" मी विचारलं.

"जाईल."

"आणि ठेका?"

"तो परत भेटंलच असं नाही. पण पोरीनं काहून झेलावं माहं?"

 ठेक्याच्या निकालावर फेरअर्ज करायची मुदत सोमवारपर्यंत आहे. उद्या सकाळच्या एस.टी.नं ते साकोलीला जातील, कचेरीत तो कागद देतील आणि पोच घेऊन येतील.