अंजनाबाईंनी टोचलेली भूमिती

अंजनाबाई गजभिये १९६४ साली नागपुरातल्या एका अंधशाळेत आया म्हणून लागल्या. शिक्षण चौथीपर्यंतचं. मुलींचं न्हाणंधुणं, दुखणीखुपणी बघायची एवढंच काम. पण कागदावरच्या टिंबांवरून बोट फिरवत मुली धडे वाचत, ते पाहून त्यांना राहवेना. मुलींनीच त्यांना ब्रेल शिकवलं. वर्षभरात त्या पाटीत जाड कागद अडकवून टोच्याने मजकूर उतरवू लागल्या. कागद मागून टोचायचा, म्हणून सगळं उजवीकडून डावीकडे, उलटं. शाळेत पुस्तकं मुळातच थोडी. हेडबाई सुहासिनीबाईंनी ती उतरवायचं काम त्यांच्याकडे दिलं. पगार मात्र आयाचाच राहिला.

शाळेतली जयवंता उमरेडकडची, गणितात भलती हुशार. सातवी झाली की मुलींना कार्यशाळेत वेताच्या खुर्च्या विणायला बसवायचं, अशी संस्थेची रीत होती. अंजनाबाई हेडबाईंच्या हात धुऊन मागे लागल्या आणि जयवंताला बाहेरच्या, डोळस मुलींच्या शाळेत आठवीत प्रवेश मिळाला. अट एकच, पुस्तकं तुमची तुम्ही करा.

चार वर्षं अंजनाबाईंनी पुस्तकं केली. भूमितीने घाम काढला. त्रिकोण, वर्तुळं टिंबांनी नीट उमटेनात, तेव्हा त्यांनी खळीने दोरा चिकटवून आकृत्या केल्या. जयवंता बोट फिरवून चुका काढायची. हा काटकोन नाही झाला मावशी, म्हणायची. अंजनाबाई दोरा उचकटून पुन्हा लावत.

१९७३ च्या मॅट्रिकला जयवंताला लेखनिक हवा होता. त्याच्या परवानगीचा अर्ज संस्थेमार्फत बोर्डाकडे जायचा. डिसेंबरात अंजनाबाईंनी तो संस्थेचे चिटणीस मनोहररावांकडे दिला. फेब्रुवारीत बोर्डात चौकशी केली, तर अर्ज पोचलेलाच नव्हता आणि मुदत संपली होती. तो मनोहररावांच्या टेबलाच्या खणात होता.

"विसरलो नाही, थांबवला," ते शांतपणे म्हणाले. "पोरगी नापास झाली तर संस्थेचं हसं होईल. देणगीदारांना मी काय तोंड दाखवू? तिच्या हाताला काम आहे ना इथे?"

सुहासिनीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

जयवंता कार्यशाळेत बसली. अंजनाबाई दरवर्षी अर्ज करत, मनोहरराव दरवर्षी पुढच्या साली बघू म्हणत. अंजनाबाईंनी केलेली पुस्तकं मात्र मनोहररावांनी काचेच्या कपाटात मांडली. खाली पाटी लावली, 'संस्थेची निर्मिती'. पाहुणे आले की त्यांना ती दाखवत. मुलींनी हात लावायचा नाही, टिंबं दबतात.

१९७८ मध्ये मनोहरराव पायउतार झाले. नव्या चिटणिसांनी अर्जावर सही केली आणि कपाटाची किल्लीही दिली. अंजनाबाई भूमितीचं पुस्तक काढून जवळजवळ धावतच कार्यशाळेत गेल्या.

जयवंताने पदराला हात पुसले आणि पानावर बोट ठेवलं. ओळीवरून नेलं, परत आणलं. मग डावं बोट लावून पाहिलं.

"मावशी, टिंबं पुसले गेले काय वं?"

अंजनाबाईंनी बघितलं. टिंबं ठसठशीत होती. त्यांनी तिचे हात उजेडात धरले. पाच वर्षं ओला वेत ओढून बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती, चिरा पडल्या होत्या.

"नाही पोरी," त्या म्हणाल्या. "टिंबं हायेत."

"मंग माहे बोटंच मेले." जयवंताने पुस्तक बंद करून परत दिलं आणि पुन्हा खुर्ची ओढली. संध्याकाळपर्यंत चार खुर्च्या एका कचेरीत जायच्या होत्या.

अंजनाबाई तशाच नव्या चिटणिसांकडे गेल्या. मुलींना वेतकामाला बसवू नका, त्यांचं वाचणं जातं, असं त्यांनी सांगितलं. चिटणिसांनी ऐकून घेतलं, कागदावर टिपूनही ठेवलं.

जूनमध्ये सातवी झालेल्या तीन मुलींची नावं कार्यशाळेच्या यादीत लागली. त्यांना हाताला धरून तिथवर पोचवणं हे आयाचं काम होतं. अंजनाबाईंनी ते केलं.