पोरगी कोणापाशी ठेवता?

बी.एड. झालेल्या बाईला नोकरी का मिळत नाही, हे मला मुलाखती देता देता कळत गेलं. अमरावतीच्या एका शाळेत लग्न झालं म्हटल्याबरोबर मुख्याध्यापकांनी फाईल मिटली. आज ना उद्या बाळंतपणाची सुट्टी मागाल, म्हणाले. दुसऱ्या शाळेतही तीच तऱ्हा. गणित कसं शिकवता, हे कोणी विचारलंच नाही. नवरा मोबाईल टॉवरच्या कंपनीत मुलाखतीला गेला, तर त्याला एवढंच विचारलं की गाडी चालवता येते का. लग्न त्याचंही झालं होतं, एका मुलीचा बापही होता. पण ते त्याच्या गळ्यात लटकत नव्हतं.

म्हणून अकोल्याच्या शाळेचं बोलावणं आलं तेव्हा बडनेऱ्याला रेल्वेत बसल्यावर मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं. आमच्या बॅचच्या कितीतरी जणी हेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही उरलेलं नाही. पण मी थकले होते. ही नोकरी हातची गेली तर शिकवणंच विसरून जाईन, अशी धास्ती मनात बसली होती.

शाळेच्या ऑफिसात चपला बाहेर काढूनच जायचं. काढल्या आणि आत जाऊन बसले. समोर संस्थेचे सचिव आणि मुख्याध्यापिका. सचिवांनी लग्नाचं विचारलं, मी नाही म्हटलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्या आधीच्या मॅडम ऐन परीक्षेच्या तोंडावर लग्न करून पुण्याला गेल्या होत्या. तेव्हापासून त्यांना लग्न झालेलीच बाई हवी होती. घ्या आता! अमरावतीत लग्न आडवं आलं, अकोल्यात नसलेलं लग्न. तेवढ्यात मुख्याध्यापिका माझ्या पायांकडे पाहत म्हणाल्या, "मॅडम, जोडवी तर दिसून राहिली तुमची."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही मला धड जमलं नाही. पर्समधून मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं आणि का लपवलं ते सगळं सांगून टाकलं. नवरा, दोन वर्षांची मुलगी, आधीच्या शाळा, सगळं. बोलता बोलता आवाज चढला, कारण राग आला होता. सचिव हसले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत.

"मंग पोरगी कोणापाशी ठेवता?" त्यांनी विचारलं.

"सासूबाई आहेत घरी."

सचिव खुश झाले. घरात सासू असली म्हणजे बाई टिकते, म्हणाले, आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

सासूबाई तेव्हा घरी नव्हत्याच. त्या एका खाजगी दवाखान्यात आया आहेत आणि ड्युटीवर होत्या. सासरे गेले त्याच्याही आधीपासून त्या तिथं काम करतात. पेशंट त्यांना मावशी म्हणतात, नवीन नर्सा त्यांना घाबरतात, आणि सणाच्या दिवशीही त्या सुट्टी घेत नाहीत. मुलगी आजवर माझ्याजवळ होती, कारण मी रिकामी होते. मुलाखतीच्या दिवशी तेवढी शेजारच्या काकूंकडे ठेवायचे, पण ते रोज चालणारं नव्हतं. माझी आई तेल्हाऱ्याला, भावाच्या मुलांत अडकलेली. आणि माझ्या गाडीच्या वेळेआधी उघडणारं पाळणाघर आमच्या भागात नाही.

संध्याकाळी सासूबाई आल्या, पाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं. मी नोकरीचं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं की त्या लोकांनी पोरीचं विचारलं असेल, तर मी काय सांगितलं. तुम्ही आहात असं सांगितलं, म्हटलं. त्या नातीच्या केसांतून हात फिरवू लागल्या.

मी म्हटलं, "आई, काही तरी मार्ग काढू."

"कोनता?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला अजूनही कोणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या सोमवारपासून कामावर येत नाही म्हणून दवाखान्यात सांगून आल्या. शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या, घरात आता दोघी कमावत्या झाल्या म्हणून. मी पेढे दिले.

सोमवारी सकाळी निघताना सासूबाईंनी भाजीपोळीचा डबा माझ्या हातात दिला. त्यांचाच होता, रोज दवाखान्यात न्यायच्या तो. मी तुमचा कशाला, म्हटलं.

"ने," त्या म्हणाल्या. "मले आता काय कामाचा."