पेवातून वर येताना

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. अख्खी नोकरी नर्सिंगमध्ये गेली, किती माणसं माझ्या डोळ्यांदेखत गेली... एकही परत आलेलं नाही. तरी हे एक प्रकरण माझ्याच्यानं सुटत नाही, म्हणून लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मोठी लढाई नुकतीच संपली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही सांगलीजवळ हरिपूरला राहायचो, वडिलांचा हळदीचा व्यापार. ते गेले आणि साताऱ्याला नोकरीला असलेल्या माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ठरवलं — आईनं आणि मी आता तिकडंच यायचं. तिथं खोल्या दोन! मग काय, रोज तेच... हे ठेवायचं, ते देऊन टाकायचं. जातं मावशीला, पलंग शेजारी. आई एकेका वस्तूला हात लावून रडायची, दादा चिडायचा, आणि मधल्यामध्ये माझं मरण.

शेवटच्या दुपारी स्टेशनला जायची बैलगाडी दारात उभी, आणि आई अडून बसली. "पेवात माजी तांब्याची भांडी हायती. त्याबिगर मी न्हाई हलायची."

पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम जाईल एवढं, आत मात्र खोलीएवढी जागा. बेचाळीसच्या धरपकडीत, पोलीस जप्ती करतील म्हणून आईनं भांडी तिथं लपवली होती. बंद पेवातली हवा जीव घेते, हे हरिपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोंड उघडून दिवसभर ठेवायचं, मग कंदील पार तळापर्यंत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. दादाला आगगाडी गाठायची घाई. त्यानं तोंडावरची फरशी सरकवली, लगेच कंदील अर्ध्यापर्यंतच सोडला नि "जळतोय की," म्हणून ओढून घेतला. तो अंगानं आडवा, म्हणून उतरायची पाळी माझ्यावर.

"कुसे, पटापट बांध नि वर ये."

दोराच्या फासात पाय अडकवून, हातात कंदील घेऊन उतरले. कळशी बांधली, ती वर गेली, दोर परत खाली आला. कंदील जमिनीवर ठेवला तो फक्कन विझला. मग छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. ओरडले, पण आवाजच निघेना. वर भाकरीएवढं आभाळ, त्यात दादाचं डोकं. तो हाका मारतोय, मला ऐकू येतंय, आणि मला बोटसुद्धा हलवता येत नाही. भिंतीला टेकून खाली बसले. भांड्यांपायी मरणार मी... भीतीपेक्षा रागच आला.

तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, "बाय, हात वर कर." बाईचा आवाज. काकणं वाजली. माझे हात धरून वर केले, काखेखालून दोर घेतला, पाठीमागं गाठ आवळली. पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी अंगणात होते. गाठ पाठीवर, इतकी घट्ट की दादाला ती विळ्यानं कापावी लागली. त्याचे तळहात सोलवटले होते.

"तू बांदलीस व्हय गं?"

मी मान हलवली, नाही.

"दोघींचा भार व्हता दोराला," तो आईला म्हणाला. "अर्ध्यावर आली नि एकदम हलका झाला."

"त्यांनीच वाचवलं पोरीला," आई म्हणाली. म्हणजे बाबांनी. काकणं घालून?

दादानं पेवात डोकावून दोनदा हाक मारली. उत्तर नाही. मग आणखी कुणी पडायला नको म्हणून त्यानं फरशी ओढून तोंड बंद केलं, वर माती लोटली. मला त्याला थांबवायचं होतं. घसा पार बसलेला, उठायला गेले तर आईनं धरून ठेवलं. मला रडूच आलं. तिला वाटलं, मी घाबरलेय.

प्राणवायू कमी पडला की माणसाला भास होतात, हे मी पुढं ट्रेनिंगमध्ये शिकले. आवाज, काकणं... सगळं भास, मान्य. पण भास गाठ मारत नाही, आणि भासाला वजन नसतं. ती कोण, कधीपासून तिथं होती, माझ्याबरोबर वर येता येता हात सुटला की तिनंच सोडला — स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मी वर आले, आणि त्या दुपारी आम्ही तिच्या डोक्यावर फरशी ठेवून साताऱ्याला गेलो.